ओल्या फडक्याखालची पाटी

माझ्या टेबलावर एक काळी पाटी आहे. शाळेत लिहायची पाटी असते तेवढीच, पण वहीच्या पुठ्ठ्याइतकी पातळ आणि कौलासारखी वाकलेली. मधोमध अंगठ्याने दाबलं की टक्क आवाज होतो आणि ती उलट वळते. आधी लांबीत वाकलेली असते, ती आता रुंदीत वाकते. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखी. सरळ ती कधीच राहत नाही. बघणारे विचारतात, ही बिघडलेली कशाला ठेवली? मी सांगते, बिघडलेली नाही. हेच मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या तोंडी परीक्षेत सांगितलं होतं, आणि त्याच परीक्षेत या पाटीपायी माझे गुण गेले. गेले तर गेले.

मी डोणगावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मराठीतून. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, म्हणून मला कॉलेजातली प्रत्येक गोष्ट, अगदी ओळखपत्राची निळी दोरीसुद्धा, कोणीतरी विश्वासाने हातात दिल्यासारखी वाटायची. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात मी यांत्रिकी शाखेला होते. शेवटच्या वर्षी आमच्या मार्गदर्शक सरांनी फळ्यावर विमानाचा पंख काढून दाखवला. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारे भाग असतात. ते खाली-वर होतात म्हणून विमान चढतं, उतरतं, वळतं. पण बिजागरी म्हटलं की फट आली, फट आली की हवा अडखळते. सर म्हणाले, जगात काही लोक असा पंख करू पाहतात ज्याला बिजागरीच नको. त्याच्या पृष्ठभागानेच आकार बदलायचा.

मी त्याच दिवशी ठरवलं की मला हेच करायचं.

बाकीच्या गटांनी मॉडेल बाहेरून तयार करून आणली. मला कोणी हसलं नाही, पण कोणी सोबतही आलं नाही. सरांनी त्यांच्या एका मित्राच्या कारखान्यातून कार्बन धाग्यांच्या कापडाचे उरलेले तुकडे आणून दिले. त्यात रेझिन, म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारा डिंक, आधीच मुरवलेला होता. तो तापवून घट्ट करायला भट्टी लागते. ती आमच्या विभागात नव्हती. सिव्हिलच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने वाळवायची भट्टी होती, तिथल्या शिपाई मामांनी मातीचे डबे बाजूला सारून माझ्यासाठी एक कप्पा मोकळा केला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पुस्तकातला नियम असा की थर रचताना वरचं आणि खालचं सारखं ठेवायचं, म्हणजे पाटी सरळ निघते. मी मुद्दाम नियम मोडला. खाली दोन थर उभ्या धाग्यांचे, वर दोन आडव्या धाग्यांचे. धाग्याच्या दिशेने कापड जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने आकसतं. भट्टीतून काढताना पाटी सपाट होती. थंड होताना वरचे आणि खालचे थर एकमेकांना ओढायला लागले आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने पाठ वर काढली. मी दाबलं, टक्क झालं, बिजागरीशिवाय एक आकार सोडून दुसरा. मामा म्हणाले, पुन्हा कर बरं. मी पुन्हा पुन्हा केलं.

तोंडी परीक्षा मे महिन्यात होती. बाहेरून येणारे परीक्षक सही करतील, मग निकाल लागेल, आणि त्या निकालावर एका संशोधन संस्थेतली माझी प्रकल्प सहायकाची जागा अवलंबून होती, तसं संस्थेचं पत्र आलं होतं. परीक्षेच्या चार दिवस आधी मी रिपोर्ट बांधून घ्यायला म्हणून घरी आले. पाटी टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले होते.

घरी पापड चालले होते. अंगणात दोन खाटांवर उडदाचे पापड, शेजारची काकू मदतीला. मी मोठ्या हौसेने पाटी काढून दाखवली. काकूंनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "चार वर्षं शिकून हेच केलं का वो बाई? आमच्या कूलरचा पत्रा असाच वाकडा झाला हाय, थो घेऊन जा." मीही हसले. माय हसली नाही. तिने पाटीवरून एकदा हात फिरवला आणि पापड लाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मेहकरला गेले. छपाई, बांधणी, चुकलेली पानं पुन्हा काढणं, यात दिवस गेला. संध्याकाळी परत आले तर आदल्या दिवशी फळीवर ठेवलेली पाटी तिथे नाही.

आमच्याकडे पापड उन्हात टाकला की वरचं अंग आधी वाळतं, आकसतं आणि कडा वर येतात. म्हणून अर्धवट वाळला की उलटवायचा. तरीही कोणी दुर्लक्ष केलं आणि पापड वाकडा झालाच, तर ओल्या फडक्याखाली ठेवून वर पाटा ठेवायचा. थोडा ओलावा पितो, नरम पडतो, सरळ होतो. घरातल्या बायका हे न बोलता करतात. मायने आदल्या संध्याकाळीच माझी पाटी वाकड्या पापडांच्या गठ्ठ्याशेजारी, ओल्या फडक्यात, पाट्याखाली ठेवली होती. फडकं सुकलं की पुन्हा भिजवत होती.

"वाकडी झालती ना," ती म्हणाली. "इतक्या मेहनतीची वस्तू तू वाकडीच घेऊन जाशीन का मास्तरापुढं? म्हनलं सरळ करून ठेवू."

मी पाटा उचलला. पाटीची कमान खाली बसली होती. दाबलं तर टक्क नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखी नुसती लोळली. मी मायला म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" माझ्या घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी हे बोलली. ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मायने पाटी माझ्या हातातून घेऊन फडक्याने पुसली.

"पाणी पेली असंन," ती म्हणाली. "पापड वला झाला का आपण काय करतो? उन्हात टाकतो. हिलेबी टाकू. होईन जशी होती तशी."

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. सकाळी उजाडल्याबरोबर पाटी न्हाणीच्या पत्र्यावर गेली. माय दर थोड्या वेळाने चढून ती उलटवायची, अगदी पापडासारखी, आणि मी पट्टीने कमान मोजून वहीत लिहायची. दुपारी कमान निम्मी परत आली. चार वाजता मायने वरूनच दाबून पाहिलं आणि मला तो आवाज अंगणात ऐकू आला. पहिल्याइतका खणखणीत नव्हता, पण होता.

तेव्हा मला काय झालं ते कळलं. थंड होताना रेझिन आकसल्यामुळे पाटी वाकली होती. पाणी पिऊन ते थोडं फुगलं आणि ओढ कमी झाली. वाळल्यावर ओढ परत आली. माझ्या सबंध रिपोर्टात ओलाव्याचा शब्द नव्हता. विमान ढगातून जातं, पावसात उभं राहतं, आणि त्याच्या पंखाची कातडी पाणी पिऊन आपला आकार विसरली तर काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो माझ्या मायच्या पाट्याखाली निघाला.

मी त्या रात्री हाताने एक पान लिहिलं. ओल्या फडक्याखाली किती वेळ, उन्हात किती वेळ, कमान किती उतरली, किती चढली. ठेवलं कोणी आणि वाळवायला सांगितलं कोणी, तेही लिहिलं. पापड का वळतो याची लहानशी आकृती काढली. सकाळी मेहकरला जाऊन ते पान रिपोर्टात बांधून घेतलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक सरांनी ते वाचलं. ते चांगले माणूस होते आणि कॉलेजच्या नावाला जपत होते. त्यांनी मला हळू आवाजात समजावलं की बाहेरचे सर शहरातले आहेत, ते पापड वाचून आपल्या सगळ्यांनाच हसतील. पाटी चालते आहे ना, मग हे सांगायची गरजच काय. मी म्हणाले, सर, तुम्हीच शिकवलंत की जे मोजलं ते लिहायचं. त्यांनी रिपोर्ट मिटून माझ्या हातात परत दिला.

परीक्षकांनी पाटी हातात घेतली आणि पहिलाच शेरा दिला की थर चुकीचे रचले आहेत, हा निर्मितीतला दोष आहे. मी सांगितलं, दोष नाही सर, ती वाकडी आहे आणि वाकडीच राहायला हवी. मी दाबून दाखवलं. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं, आणि मला वाटलं की झालं आपलं काम. मग त्यांनी रिपोर्ट चाळला आणि ते पान आलं.

ते मोठ्याने हसले नाहीत. शेजारी बसलेल्या आमच्या मार्गदर्शक सरांना पान दाखवून नुसते हलकेच हसले, आणि माझं बोलणं ऐकून विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. म्हणाले, "प्रकल्प बरा आहे. पण हा घरगुती प्रकार अभियांत्रिकीच्या रिपोर्टात शोभत नाही. ते पान काढा, मी चांगले गुण देऊन सही करतो."

पान स्पायरलमध्ये होतं. ओढलं असतं तर निघून आलं असतं. मला त्या क्षणी संस्थेचं पत्र आठवलं, मामांनी बाजूला सारलेले मातीचे डबे आठवले. आणि पत्र्यावर उन्हात उकिडवी बसून पाटी उलटवणारी माय आठवली, जिला मी त्याच्या आदल्या संध्याकाळी टाकून बोलले होते.

मी म्हणाले, "नाही सर. या रिपोर्टातली सगळ्यात खरी नोंद तीच आहे. मोजमापं अपुरी आहेत, पद्धत कच्ची आहे, ते मी तिथेच लिहिलंय. त्याचे गुण कापा. पण पान राहील."

"कापले तर?"

"कापा सर."

मार्गदर्शक सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी पेन उचललं, थोडा वेळ हातात धरून ठेवलं, आणि सही केली. गुण त्यांनी पास होण्यापुरतेच दिले. बाजारातून मॉडेल आणणाऱ्या वर्गातल्या गटांना माझ्यापेक्षा जास्त होते. माझी प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली. संस्थेने निकालानंतर मला सहा महिने प्रतीक्षा यादीत ठेवलं, आणि ते सहा महिने मी अमडापूरला एका शिकवणीत गणित शिकवलं. मग जागा मिळाली. आज मी जिथे आहे तिथे दमट हवेचं एक कपाट आहे, त्यात अशा पाट्या आठवडेच्या आठवडे ठेवून त्यांची कमान मोजणं हे माझं काम आहे. ते पान पाहून कोणी मला बोलावलं असं मी म्हणणार नाही. तसं झालं नाही. पण काय मोजायचं ते मला आधीपासून माहीत होतं.

निकाल लागला त्या दिवशी मी घरी होते. मोबाइलवर गुण पाहिले आणि मायला सांगितलं. सर ते पान काढायला सांगत होते, एवढंच मी तिला आधी सांगितलं होतं.

"कमी देले?" तिने विचारलं.

"हाव."

"थे पान काढाले सांगत होते, काढलं का तू?"

"नाही काढलं."

ती सुपात डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं, फळीवरची पाटी घेतली, पदराने पुसली आणि मधोमध अंगठा दाबला. टक्क झालं.

"मंग राहू दे," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.