शकूताईसाठी घेतलेला प्रिंटर

शकूताईच्या डाव्या गालावर पांढरा डाग उठला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आधी तांदळाच्या दाण्याएवढा होता. वर्षभरात डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरला. ती रोह्यात एका खाजगी बालवाडीत शिकवायची. पोरं तिच्या मांडीवर बसण्यावरून भांडायची. डाग दिसायला लागल्यावर त्यांच्या आयांनी तक्रार केली आणि मोठ्या बाईंनी तिला सांगितलं, "बरं वाटलं की ये." तिला काही दुखत नव्हतं. कोड लागत नाही हे बाईंनाही ठाऊक होतं.

मी तिची धाकटी बहीण. आमचे बाबा, हिरामण, कंपनीत बॉयलरवर होते. ताईचं स्थळ बघायचं म्हणून त्यांनी स्टुडिओत फोटो काढून घेतला. स्टुडिओवाल्याने ब्रशने डाग झाकून दिला आणि त्याच संध्याकाळी वडापावच्या गाडीपाशी चारचौघांत सांगूनही टाकलं. आठवड्यात सगळ्या आळीला कळलं. बाबा म्हणाले, "आता हिचा फोटो धुवायला घराबाहेर जाणार नाय."

हे सत्त्याण्णव सालचं. मामा कुवेतहून डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता, तो त्याने आमच्याकडेच ठेवला. त्याला रोल नव्हता, फक्त फोटो छापायला यंत्र हवं होतं. पेणला सॅमसनभाऊंचं फोटोचं दुकान होतं. त्यांनी मुंबईहून असे दोन छोटे प्रिंटर आणलेत, असं बाबांना कंपनीत कळलं. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा दोघींना घेऊन एसटीने पेणला गेले.

सॅमसनभाऊंनी ताईला स्टुलावर बसवलं, एकच फोटो काढला आणि तो दोन्ही यंत्रांवर छापला. कागद तीनदा आत-बाहेर जायचा. आधी पिवळा चेहरा, मग तांबूस, मग पुरा. पहिल्या फोटोत ताई होती तशी आली. डागाची कडसुद्धा दिसत होती. दुसऱ्यात सगळंच फिकट होतं, पिठाचा हात फिरवल्यासारखं, आणि डाग त्यात मिसळून गेला होता.

"पहिला घ्या," सॅमसनभाऊ म्हणाले. "खरे रंग येतात. दुसऱ्यात उडतात."

"मला खरे रंग नकोत," बाबा म्हणाले.

पासपोर्ट फोटोला आलेल्या दोन बायका बाकावर बसल्या होत्या. बाबांनी दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले. "तुम्ही सांगा, कशात कमी दिसतंय?"

बायकांनी फोटो बघितले, मग ताईकडे बघितलं, मग परत फोटो बघितले. "यात," एक जण म्हणाली. "पण तिला मान जरा वळवायला सांगा. अजून कमी दिसेल."

सॅमसनभाऊंनी ताईपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तिने तो घेतला नाही. "बाबा," ती म्हणाली, "दुसऱ्यात मी मेल्यासारखी दिसते."

"दिस. लग्न होईपर्यंत दिस."

बाबांनी दुसराच प्रिंटर घेतला. त्यावरचा फोटो पेणजवळ गडब गावी एका स्थळाकडे गेला आणि तिथल्या लोकांना पसंत पडला. मुलगा, जगन, तिथेच हायवेला स्पेअरपार्टच्या दुकानात होता. बघायला आले तेव्हा आईने ताईला डावी बाजू भिंतीकडे करून बसवलं होतं. जगनची आई, बायजाबाई, म्हणाली, "गो, इकडे बघ जरा." ताईने मान वळवली. बायजाबाईने पदराचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, उठून ताईच्या जवळ येऊन तिचा गाल पुसला. पावडर पदराला लागली. तिने तो पदर सगळ्यांना दाखवला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"ही कोण?" बायजाबाईने विचारलं.

"धाकटी," बाबा म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की आईने चमकून त्यांच्याकडे बघितलं.

मी नाही म्हणू शकले असते. लोकांना सांगते की मला कुणी विचारलं नाही, पण बाबांनी विचारलं होतं. जगन मला आवडला होता. ताई तेव्हा आत तोंड धूत होती.

माझं आणि जगनचं लग्न मे महिन्यात झालं. बायजाबाईचा एकच निरोप होता, थोरलीने मांडवात पुढेपुढे करू नये. बाबांनी तोड काढली. त्यांनी कॅमेरा ताईच्या हातात दिला. फोटो काढणारा फोटोत येत नाही. ताईने अक्षतांपासून पाठवणीपर्यंत सगळे फोटो काढले, घरी बसून एकेक छापले आणि अल्बम लावून सासरी पाठवून दिला. त्यात आमच्या घोडीवाल्याचाही फोटो आहे. तिचा एकही नाही.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. बारशाला ताई गडबला आली. तिने झबली शिवून आणली होती. तिने पाळण्यात हात घातला तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही बोलावं लागलं नाही. मीच म्हणाले, "ताई, लांबूनच बघ."

तिने हात मागे घेतला. झबली कोनाड्यात ठेवली, आईला म्हणाली, "निघते," आणि जेवण्याआधीच गेली. मी दारापर्यंतही गेले नाही.

नव्याण्णव साली आई काविळीने गेली आणि चार महिन्यांत बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांचं सगळं ताईच करते. मी महिन्यातून एकदा रोह्याला जाते. मला बघून बाबा रडतात, तोंडाने नुसता आवाज काढतात. ताई येते, त्यांची लाळ पुसते, कूस बदलते आणि निघून जाते. त्यांच्याशी ती एक शब्द बोलत नाही. शेजारच्या सीताबाईने सांगितलं, लकवा झाल्यापासून बोललेलीच नाय.

परवा मी धीर करून म्हटलं, "ताई, दोन शब्द बोल गो त्यांच्याशी. त्यांना कळतं सगळं."

ती भात कालवत होती. "व्हय," ती म्हणाली, "कळतं. म्हणूनच."

मग भाताचं ताट घेऊन ती त्यांच्या खाटेपाशी बसली आणि घास भरवायला लागली.