शेकड्याला चार वर

भाऊ राऊतांची आणि एक्सची पहिली भेट चौलात, आठवीच्या वर्गात, एका मंगळवारी दुपारी झाली. त्या दिवशी भाऊंच्या सांगण्याप्रमाणे समुद्राची भरती रेवदंड्याच्या कोटापर्यंत आली आणि घाबरून तशीच मागे फिरली. वाऱ्याचं नाव नसताना शाळेमागच्या वाडीतले सात नारळ एकदम खाली आले, पैकी एक हेडमास्तरांच्या सायकलच्या सीटवर. चौलात तीनशे साठ देवळं होती म्हणतात. त्यातली जेवढी शिल्लक आहेत तेवढ्यांच्या घंटा आपोआप वाजल्या. आणि त्याच क्षणी गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर दोन काड्या एकमेकींवर आडव्या टाकून सांगितलं, "हा एक्स. हा कोण आहे ते आपल्याला ठाऊक नाही."

भाऊ उभे राहिले. "ठाऊक नाही तर घरात घेतला कशाला, गुरुजी?"

मास्तरांनी त्यांना वर्गाबाहेर काढलं, ते बीजगणित संपेपर्यंत. भाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेर हिंडता येत होतं.

यातलं काही गावात दुसऱ्या कुणाला आठवत नाही. भाऊंच्या पत्नी कुमुदवहिनी म्हणतात, नारळ सात नव्हे, तीनच पडले होते. पण त्या तेव्हा मुरुडला, माहेरी, सहावीत होत्या.

तर असे हे भाऊ. वय बावन्न. रेवदंड्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात ज्युनिअर क्लार्क, आणि चौलात बापजाद्यांची नारळी-पोफळीची वाडी. अंगाने शिडशिडीत, आणि एका जागी बसणं हे त्यांच्या कुंडलीत नाही. चहाचा कप त्यांनी आजवर बसून संपवलेला नाही. पहिला घोट ओटीवर, दुसरा विहिरीपाशी, आणि रिकामा कप संध्याकाळी पोफळीच्या बुंध्याशी सापडतो. लग्नात अंतरपाट धरला असताना ते पंप चालू राहिला का ते बघायला गेले होते. भटजींनी एक मंगलाष्टक जादा म्हणून वेळ निभावली. लग्नाच्या अल्बममध्ये कुमुदवहिनी प्रत्येक फोटोत स्वच्छ आहेत आणि त्यांच्या शेजारी काहीतरी हललेलं आहे.

अशा माणसाला या वयात खुर्चीची ओढ लागली. खरोखरच्या खुर्चीची. ऑफिसातले हेडक्लार्क मे अखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांची फिरती खुर्ची रिकामी होणार होती. ती खुर्ची डावीकडे कलते, तिच्या एका हातावर चिकटपट्टी आहे, पण तिच्यावर बसून माणूस उठल्याशिवाय चारी दिशांना तोंड करू शकतो. भाऊंसाठीच ती बनवली असावी. सत्तावीस वर्षं ते तिच्याकडे बघत आले होते. अट एकच होती: उमेदवार पदवीधर हवा, आणि अर्ज पंधरा एप्रिलच्या आत.

भाऊ पदवीधर होते, एक पेपर सोडून. बाकीचे विषय केव्हाच सुटले होते. गणित मात्र चार वेळा आडवं आलं आणि पाचव्या वेळी भाऊ त्याच्या वाटेला गेले नाहीत. आता विद्यापीठानेच सोय काढली होती. 'बीजगणिताची ओळख' नावाचा दहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करा, शेवटच्या परीक्षेत पन्नासपैकी चाळीस मिळवा, की तो पेपर सुटला.

"दहाच आठवडे," भाऊ म्हणाले.

"दहा मिनिटं बसून दाखवा आधी," कुमुदवहिनी म्हणाल्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. न बसणाऱ्या मुलांचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव, त्यातला बराचसा घरचा.

जानेवारीत लेकीचा जुना लॅपटॉप पुढच्या खोलीत, खिडकीशी मांडला. पहिला धडा बारा मिनिटांचा होता. भाऊंनी मनात म्हटलं, बारा मिनिटं म्हणजे काय, वाडीला दोन पाटांचं पाणी. पण त्या धड्यात एक खोच होती. दर चार मिनिटांनी तो थांबायचा आणि विचारायचा, 'आपण आहात ना?' त्याखालचं बटण दाबलं नाही तर धडा पहिल्यापासून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाऊ विहिरीपाशी होते. दुसऱ्यांदा माकडं हाकलत होते. तिसऱ्यांदा ते खोलीतच होते, पण खिडकीची बिजागरी का कुरकुरते ते बघायला तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढले होते. बारा मिनिटांचा धडा बघायला त्यांना तीन दिवस लागले.

"तू तेवढं बटण दाब ना अधूनमधून," ते बायकोला म्हणाले.

"मी शिक्षिका आहे."

"म्हणूनच म्हणतो."

"म्हणूनच नाही."

चौथ्या दिवशी वहिनींनी वाळलेल्या सुपारीची टोपली आणून भाऊंच्या मांडीशी ठेवली, आणि हातात सोलायची सुरी दिली. "पाय बांधता येत नाहीत तुमचे. निदान हात गुंतवा."

हा उपाय लागू पडला. हात सोलण्यात गुंतले की भाऊंचे पाय आपोआप शांत व्हायचे. समीकरण म्हणजे तराजू, एका बाजूचं काढलं तर दुसऱ्या बाजूचंही काढायचं, हे त्यांना दोन शेर सुपारीत कळलं. कंस सोडवायला चार शेर लागले. तिसऱ्या आठवड्यात घरची सुपारी संपली आणि ते शेजाऱ्यांची मागून आणू लागले. आळीत बातमी पसरली की राऊतांच्या भाऊंचं गणित चांगलं चाललंय, फुकटात सुपारी सोलून मिळते.

मग चौथ्या आठवड्यात नारळाचं गणित आलं.

दर शनिवारी दुपारी चारला आश्लेषा मॅडम पडद्यावर यायच्या. पंचविशीतली मुलगी, शांत आवाज, कानात वायरी. गणित साधं होतं. एका बागायतदाराकडे सातशे पंधरा नारळ होते. त्याने काही शेकडे व्यापाऱ्याला दिले आणि पंधरा घरी ठेवले. तर किती शेकडे दिले? वर्गातल्या बाविसांचं उत्तर आलं सात. तेविसाव्याचं आलं सहा पूर्णांक त्र्याहत्तर शतांश.

"राऊत सर, हे कसं आलं?"

"शेकड्याला चार वर दिले, मॅडम."

"कुणी?"

"बागायतदारानं."

"असं गणितात कुठे लिहिलंय?"

"लिहायचं कशाला? पानात मीठ वाढू असं कुणी आमंत्रणपत्रिकेत छापतं का?"

कुणीतरी आवाज बंद करायला विसरलं होतं, त्याचं हसणं सगळ्यांना ऐकू गेलं. भाऊंनी समजावून सांगितलं. चौलात नारळ मोजतात ते शेंडीला धरून, एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन. चारांची एक फेक. पहिल्या फेकीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, अशा पंचवीस फेकी झाल्या की शेकडा. आणि सव्विसावी फेक वरची. ती मोजत नाहीत, पण ती नसेल तर शेकडा झाला असं कुणी म्हणत नाही. आणि ती मालकानेच आपल्या हाताने टाकायची.

"पुस्तकातला बागायतदार वर देत नाही, सर."

"मग त्याच्याकडे दुसऱ्या खेपेला जातं कोण?"

आश्लेषा मॅडमनी विचारलं, "सगळीकडे चारच देतात का?"

"कुठलं. आमच्यात चार. दिवेआगरला माझा साडू आहे, तो पाच देतो. उदार आहे असं नाही, त्याचे नारळ लहान. मुंबईवाला तर दहा मागतो."

"मग प्रत्येक गावाला तुम्ही वेगळं गणित मांडणार?"

"मांडावंच लागेल."

"नाही मांडावं लागणार. गावागावाला जे बदलतं त्याला एक नाव देऊन टाका. के म्हणा. शेकडा म्हणजे शंभर अधिक के. तुमचा साडू येऊ दे नाहीतर मुंबईवाला, मांडणी तीच."

भाऊंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. पुढचं मिनिटभर त्यांच्यातलं काहीच हललं नाही. स्वयंपाकघरातून वहिनी घाबरून बाहेर आल्या.

"म्हणजे," भाऊ हळूच म्हणाले, "ठाऊक नाही म्हणूनच घरात घ्यायचा."

"काय म्हणालात, सर?"

"काही नाही. आमच्या गुरुजींना म्हणालो."

त्यानंतर भाऊ स्वस्थ होतील असं वहिनींना वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी नुसतेच हिंडणारे भाऊ आता समीकरणं मांडत हिंडू लागले. विहिरीचं पाणी एक्स, पंपाचा रुसवा के. ऑफिसात साहेब मुंबईहून मांडव्याच्या लाँचने कधी परततील याचं त्यांनी समीकरण केलं आणि ते दोनदा बरोबर आलं. तिसऱ्यांदा रजेवरच्या हेडक्लार्कच्या खुर्चीवर भाऊ गोल फिरून बघत असताना साहेब दारात उभे होते.

"सवय करताय वाटतं, राऊत?"

"बेरिंग तपासतोय, साहेब."

"पंधरा तारखेपर्यंत पदवीचा कागद आणा. मग हवं तेवढं तपासा."

परीक्षा मार्चच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाला होती. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं. घरबसल्या, पण कॅमेऱ्यासमोर. सूचना आदल्या दिवशी आल्या आणि वहिनींनी त्या मोठ्याने वाचल्या. जागेवरून उठायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. दोन्ही हात कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत आणि ते रिकामे पाहिजेत.

"रिकामे?" भाऊ म्हणाले.

"रिकामे."

"एक सुपारी?"

"अर्धीसुद्धा नाही." वहिनींनी टोपली उचलून माळ्यावर टाकली.

नेमक्या त्याच सकाळी नारळ उचलायला धर्माजी आला. आक्षीकडचा व्यापारी, वीस वर्षांचा घरोबा. वहिनींनी त्याला अंगणातच गाठून सांगितलं की भाऊ परीक्षेला बसलेत, हाक मारू नकोस.

"या वयात?" धर्माजी म्हणाला. "मेल्यावर पन सोडत न्हाय म्हनायची शाळा."

आत भाऊ उधाणावर होते. प्रश्न भराभर सुटत होते. सतरावा प्रश्न नारळाचा निघाला. बागायतदाराकडे नऊशे चाळीस नारळ, घरी ठेवले चाळीस, दिले किती शेकडे? भाऊ गालातल्या गालात हसले. पुस्तकातला बागायतदार वर देत नाही हे त्यांना आता ठाऊक होतं. त्यांनी नऊ लिहिलं आणि पुढे गेले. पन्नासावा प्रश्न संपला तेव्हा तेरा मिनिटं शिल्लक होती.

ती तेरा मिनिटं रिकामी होती, आणि हातही रिकामे होते.

पहिलं मिनिट भाऊंनी हात टेबलावर पालथे ठेवून काढलं. दुसरं उताणे ठेवून. पाय लागले हलायला. बिजागरी पुन्हा कुरकुरत होती. दहा प्रश्नांची त्यांना खात्री नव्हती, चाळिसांची होती. म्हणजे काठावर, पण पार. बटण दाबून मोकळं व्हावं, तर मनात आलं, वेळ आहे, एकदा बघू. तेवढ्यात खिडकीबाहेर फेक सुरू झाली.

"लाभ," धर्माजीचा आवाज. चार नारळ धपकन पडले. "दोन. तीन."

भाऊ वरवर प्रश्न चाळत होते, पण कान बाहेर होते. अठरा. एकोणीस. बरोबर टाकतोय. चोवीस. पंचवीस. आणि मग शांतता. सव्विसावी फेक मालकाची.

धर्माजी खिडकीशी आला. हाक मारायची नाही हे त्याच्या लक्षात होतं, म्हणून तो कुजबुजला, "भाऊ, वरचं?"

बोलायचं नाही. उठायचं नाही. भाऊंनी डोळ्यांनी थांब म्हटलं. धर्माजीला ते कॅमेऱ्याकडे बघताहेत असं वाटलं.

"देनार न्हाय का यंदा?" तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. भाऊ राऊत वर देत नाही म्हणजे काय. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्या बापाच्या वेळीही झालं नव्हतं.

भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात आपोआप वर उचलले गेले, आणि टाकायला नारळ नव्हते. समोर सतरावा प्रश्न उघडा होता. भाऊंनी नऊ खोडलं आणि भराभर हिशेब करून लिहिलं, आठ पूर्णांक पासष्ट शतांश. मग कुठे हाताला बरं वाटलं. त्याच समाधानात त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि धावत अंगणात जाऊन चार नारळ धर्माजीच्या ढिगावर फेकले.

"मी म्हनलं, शिकून बदलले का काय भाऊ," धर्माजी म्हणाला.

आत येईपर्यंत पडद्यावर आकडा लागला होता. वहिनी तो बघत उभ्या होत्या. एकोणचाळीस.

"शेवटी काहीतरी बदललंत ना?"

"चार नारळ वर दिले."

"ते पाहिलं मी खिडकीतून."

"त्याला नव्हे. सतराव्या प्रश्नातल्या व्यापाऱ्याला."

स्टूल घेऊन वहिनींनी माळ्यावरची सुपारीची टोपली खाली काढली आणि भाऊंच्या मांडीशी ठेवली.

फेरपरीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. तीत भाऊंना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. अर्जांची यादी पंधरा एप्रिललाच बंद झाली होती. हेडक्लार्कच्या खुर्चीवर आता पेणहून आलेले एक गृहस्थ बसतात. ते बीए आहेत, विषय मराठी.