मुळीचा नाच

'लोककला महोत्सव' अशी पाटी दिसली की मला आजही शिसारी येते. लोक म्हणतात, बाई फार खवट आहेत. असेन.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. खेडजवळच्या एका गावात मी मास्तरीण होते. शाळेच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी. तिथे कुणी अंथरूण धरलं की एक म्हातारी रानातून मुळी खणून आणायची, वाटून आजाऱ्याच्या कपाळाला लावायची, आणि बायका त्याला मधे बसवून फेर धरायच्या. ज्या झाडाची मुळी काढली त्याची गाण्यातून माफी मागायच्या. आजारी माणूस आपल्या पायांवर उठला की मगच फेर सुटायचा.

तालुक्याच्या महोत्सवाचे कार्यवाह सफारी घालून माझ्याकडे आले. "बाई, तो औषधाचा नाच आणा. पाहुणे मुंबईचे आहेत."

मी निरोप पोचवला. म्हातारी म्हणाली, "आजारी मानूस नाय, तं नाचायचा कुनासाठी, बाय? खोटा नाचला तं दुखनं घरात शिरतं."

घरात दुखणं होतंच. तिची सून बाळंत झाल्यापासून तापाने फणफणत होती. तिला दवाखान्यात ने, म्हणून मी सांगून दमले होते. शेवटी म्हातारी कबूल झाली. खेडलाच जायचं, तर आधी सुनेसाठी नाचायचं आणि तिथूनच तिला दवाखान्यात न्यायचं.

बायका धुतलेली लुगडी नेसून महोत्सवाला आल्या. कार्यवाहांनी नाक मुरडलं. "ह्या आदिवासी कुठे वाटतात?" मग त्यांच्या कमरेला आंब्याचे टहाळे बांधले आणि गालांना काजळी लावली. उन्हातान्हात राबून रापलेल्या बायकांना मेल्याला आणखी काळं फासायचं होतं!

फेर सुरू झाला. सून मधे बसलेली, मान एका बाजूला कललेली. गाणं चढत गेलं तशी तिने हात जमिनीला टेकले. ती उठू बघत होती, मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली.

"थांबा, थांबा! पाहुण्यांसाठी पहिल्यापासून!" कार्यवाह माईकवर ओरडले.

"ती उठते हाय," म्हातारी हात जोडून म्हणाली. "आता सोडता येत नाय."

मी तरातरा पुढे गेले. "अहो, ती खरंच आजारी आहे. तापाने भाजतेय. आधी जीप द्या, दवाखान्यात नेते."

ते कौतुकाने हसले. "तेच तर, बाई! काय काम करते हो! अगदी खरी वाटते."

पुन्हा पहिल्यापासून. पाहुण्यांचा सत्कार, मग भाषण, मग नाच. तोवर ती तशीच बसलेली. या खेपेला हात टेकायचंही बळ तिच्यात राहिलं नाही. ती कुशीवर कलंडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस तिला तिथेच जाहीर झालं. शिरा पडो त्या टाळ्यांवर! आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती.

पुढच्या वर्षी कार्यवाह पुन्हा माझ्या दारात. "बाई, तोच नाच हवा. आणि आजारी म्हणून तीच बाई बसवा हं."

"ती गेली," मी म्हटलं. "दवाखान्यातच गेली. खरंच आजारी होती."

"अरेरे," ते चुकचुकले. त्यांनी चहा संपवला.

"मग वाडीत सध्या दुसरं कुणी आजारी आहे का?"