बारा बासऱ्या आणि एक बादली

नगरजवळच्या केडगावच्या जोसेफ भिंगारदिवेंना कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. तीस वर्षं एमआयडीसीत फिटर म्हणून काढलेली. रिटायर झाल्यावरही हात शिवशिवायचे. घरातला मिक्सर त्यांनी 'सुधारला', तेव्हापासून बायको पाट्यावर चटणी वाटत होती. त्यामुळे त्याच बायकोनं, दयाबाईंनी, आपण होऊन पत्र्याच्या बासऱ्यांची पिशवी पुढ्यात ठेवली, तेव्हा त्यांना खरंच वाटेना.

बासऱ्या बारा, जत्रेतल्या, स्वस्तातल्या. दयाबाईंनी शाळेतल्या बारा पोरींना त्या वर्षभर शिकवल्या होत्या. पण खालचे सूर घोगरे, आणि वरचे असे किंचाळायचे की गल्लीतली कुत्री उठून जायची. मे महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. एक मेच्या कार्यक्रमासाठी त्यांनी दोन गाणी बसवली होती. हेडमास्तर गहिनीनाथ सरांनी एकालाच परवानगी दिली, तीही कुरकुरत. "किंचाळल्या तर सरळ स्पीकरवर गाणं लावीन, बाई."

"या वेळी तरी वाट लावू नका," दयाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "माझा शेवटचा कार्यक्रम हाय."

जोसेफनी आठवडा घेतला. फुंकलेला वारा ज्या पात्यावर आपटतो, त्याची खरखर ब्लेडनं काढली. तोंडाचं प्लॅस्टिक गरम पाण्यात धरून सैल केलं आणि पुढेमागे सरकवून बाराही बासऱ्या एका सुरात आणल्या. तोंडाच्या आत एक पोकळी असते, तिथं वारा उगाच घुमतो. ती मेणानं बुजवली. मेण चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या थोटकांचं. मग पंख्याखाली बसून वाजवून बघितलं. सूर चांगला गोल आणि मऊ लागला. दयाबाई दारात थांबून ऐकत राहिल्या. जोसेफ त्या रात्री शांत झोपले.

एक मेला झेंडावंदन आठला झालं. पाहुणे नऊला यायचे, ते साडेदहाला आले, आणि हातात आलेला माईक सोडीनात. पोरी मैदानात, उन्हात उभ्या. कडेच्या निकितानं हळूच फुंकून पाहिलं. नुसता वारा.

बाजूला उभ्या असलेल्या जोसेफनी तिची बासरी घेतली. पत्र्याचा चटका बसला आणि अंगठ्याला मेण लागलं. नगरचं मे महिन्याचं ऊन, आणि या शहाण्यानं परीक्षा घेतली ती पंख्याखाली!

"दया, मेण वितळतंय. फुंकायच्या फटीत उतरलं. सगळ्याच जातील."

दयाबाईंचा चेहरा उतरला. तिकडे सरांनी चुळबुळ पाहिली होती. ते स्पीकरपाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की मिक्सरच्या वेळचं बघणं प्रेमाचं वाटावं. मग अंबाड्यातली पिन ओढून काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"घ्या. अन् बाकीच्यांचं काय ते तुमीच बघा."

पिनेनं निकिताची फट साफ करून जोसेफ धावले. गार पाण्याचा जार त्यांनी बादलीत उपडा केला आणि भाषण चालू असताना, पाहुण्यांच्या नाकासमोर, बादली घेऊन रांगेतून फिरू लागले. बासरी बुडवायची, झटकायची, पुढची. बाराव्या पोरीपर्यंत पोचेतो पहिलीची पुन्हा तापलेली. पाहुणे वाक्य विसरले. कुणीतरी हसलं.

"भिंगारदिवे, बाजूला व्हा!" सर दबक्या आवाजात खेकसले.

जोसेफचे कान लाजेनं लाल झाले. चारचौघांत एवढी शोभा आयुष्यात झाली नव्हती. पण हात थांबला नाही. मेणापेक्षा त्यांना दयाची भीती होती, आणि दयापेक्षा दयाच्या पडलेल्या चेहऱ्याची.

भाषण संपलं. बाईंनी हात उचलला. जोसेफनी श्वास रोखला.

पहिला सूर आला. निकिताचाही आला. गाणं वर चढत गेलं, जिथं कुत्री उठायची तिथपर्यंत पोचलं, आणि कुठंही किंचाळलं नाही. शेवटचा सूर बाराजणींनी एकत्र सोडला, तेव्हा सरांचा हात स्पीकरवरून कधी निघाला ते त्यांनाही कळलं नसेल. टाळ्या वाजल्या. जोसेफचे डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसायच्या आत निसटावं म्हणून त्यांनी खाली वाकून बादली उचलली.

दयाबाईंनी सरांकडे बघितलंही नाही. मागे न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"बादली कुठं नेताय? दुसरं गाणं हाय अजून."