अळणीचा नियम

वडील गेले त्या वर्षी आईने मीठ सोडले.

आमच्या जैन घरांत असे नियम घेण्यात नवीन काही नव्हते. चातुर्मासात कोणी दही सोडी, कोणी तेल, कोणी गूळ. पण त्यांना मुदत असे. आईच्या नियमाला मुदत नव्हती. मुक्तागिरीच्या डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढून तिथल्या सगळ्या मंदिरांचे दर्शन घेईपर्यंत अळणी खायचे, असा तिचा नियम होता.

मुक्तागिरीला जायचे वडिलांच्या मनात फार होते. आम्ही शिरपूरचे. गाव जैनांचे तीर्थच, आणि देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दूरदूरचे यात्रेकरू आमच्या ओसरीवर पाणी पिऊन जात. वडील त्यांना वाटा विचारत, गाड्या विचारत. आणि दरवर्षी कापसाचा हंगाम आला की म्हणत, आता पुढच्या वर्षी.

"बाबांसाठी घेतला का हा नियम?" मी आईला एकदा विचारले होते.

"त्यायच्यासाठी कसा होईन? ज्याचं पुण्य त्याले," ती म्हणाली. "हे माह्यं हाय."

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि मिळेल ते पुस्तक वाचत होते. पुस्तकातून मान वर केली की आई दिसे. आपल्यापुरते वरण आधी बाजूला काढून मग आमच्या वरणात मीठ घालणारी. उन्हाळ्यात ती विहिरीवर भोवळ येऊन बसली. दिवाळीपर्यंत भरलेली बादली तिला उचलवेना. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मीठ खा म्हणून बजावले, लिंबूपाण्यात घालून का होईना पण खा म्हणाले. आईने मान हलवली आणि संध्याकाळी पुन्हा अळणी भाकर कुस्करली. एक माणूस त्या वर्षी गेलेच होते. दुसरे माझ्या डोळ्यांसमोर वाळत होते.

म्हणून कापूस विकून होताच, थंडीत, काका-काकूंनी आम्हाला घेऊन निघायचे ठरवले. निघण्यापूर्वी आईने लवंगा मोजल्या. मुक्तागिरीची मंदिरे बावन्न, म्हणून बावन्न लवंगा. प्रत्येक मंदिरात एक वाहायची. दोनदा मोजून तिने त्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या.

जऊळक्याहून छोट्या लाइनीची आगगाडी, अकोल्याहून एसटी, आणि परतवाड्यापासून पायी. ही वाट एरवी बैलगाडीने किंवा जीपने करता आली असती. पण आई गाडीत बसली नाही. काका तिच्या मागून चालत होते.

"वहिनी, डोलीवाल्याले सांगून ठेवतो. उद्या डोंगरावर बसून जा."

"तुमीच बसा डोलीत, भाऊजी. तुमचं पोट पाहून थोच पळून जाईन."

काकू इतक्या हसल्या की त्यांना रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. कित्येक महिन्यांत आईने असे कोणाला टोमणा मारला नव्हता.

रात्री धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी खाली चपला काढून आम्ही चढायला लागलो. काका-काकू पुढे गेले, आई आणि मी मागे राहिलो. ती चार पायऱ्या चढे आणि बसे. मंदिर आले की उठे, आत जाई, गाठीतून एक लवंग काढी. तिचे तळवे थंडीने लाल झाले होते. धबधब्याची धार हिवाळ्यामुळे बारीक झाली होती आणि समोरच्या कड्याला मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली होती. मला ते सगळे निवांत पाहायचे होते. पण माझे लक्ष तिच्या ओठांकडे होते. ते पांढरे पडत होते. दोन वेळा ती म्हणाली, "थांब." तेवढेच.

दुपार कलल्यावर आम्ही खाली आलो. काकू आधीच येऊन चुलीवर मुगाच्या डाळीची खिचडी टाकून बसल्या होत्या. मीठ घातलेली. आई दिवसभर उपाशी होती. तिने हातपाय धुतले, पानावर बसायच्या आधी पदराची गाठ सोडली आणि तशीच थांबली.

गाठीत एक लवंग उरली होती.

"मोजाले चुकल्या असान," काका म्हणाले.

"दोनदा मोजल्या."

मग मला आठवले. धबधब्याजवळच्या एका लहान मंदिरात परगावच्या बायकांचा अभिषेक चालला होता. दारात गर्दी, म्हणून परत येताना जाऊ असे म्हणून आम्ही वर गेलो. आणि उतरलो ते दुसऱ्या बाजूने. मी हे बोलून गेले आणि लगेच वाटले, गप्प बसले असते तर.

आईने लवंग पुन्हा बांधली.

"आता नका जाऊ," काकू म्हणाल्या. "दिवस बुडायच्या आत नाई आल्या तर रातभर उपाशी राहा लागन. अळणी भात टाकून देतो, थो खा. उद्या सकाळी जा."

आमच्यात सूर्य मावळल्यावर अन्न तोंडात घालत नाहीत. आईसारखी बाई तर पाणीसुद्धा नाही.

"उद्या उद्या म्हणता म्हणता थे गेले," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

या वेळी ती पायऱ्यांवर बसली नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्या हाताचे वजन पायरीगणिक वाढत होते. मी मनातल्या मनात पंचनमस्कार मंत्र म्हणत होते, तो देवासाठी नव्हे, फक्त ती पडू नये म्हणून. लहान मंदिराशी पोचलो तेव्हा पुजारी दार ओढून घेत होता. त्याने आम्हाला पाहिले, दार पुन्हा उघडले आणि बाजूला झाला. आईने लवंग वाहिली. ती किती वेळ आत उभी राहिली ते मला सांगता येणार नाही, पण मी सारखी झाडांच्या शेंड्यांवरचे ऊन पाहत होते.

खाली आलो तर धर्मशाळेच्या अंगणात सावली पसरलेली.

"गेला दिवस," आई म्हणाली आणि ओट्यावर टेकली.

"कायचा गेला?" काका अंगणाच्या मधोमध उभे राहून जवळजवळ ओरडले. "डोंगराआड गेला म्हणजे बुडाला काय? थ्या तिकडच्या शेतावर पाहा. ऊन हाय का नाई?"

आईने खरोखर उठून पाहिले. फाटकापर्यंत गेली, डोळ्यांवर हात धरला. लांबवर तुरीच्या शेतावर पिवळे ऊन होते. तिला फसवणे शक्य नव्हते आणि काका फसवत नव्हते.

ती येऊन पानावर बसली. काकूंनी खिचडी वाढली. पहिला घास घेऊन ती चावतच राहिली, आणि मग तिने तोंड वाकडे केले.

"खारट झाली व."

"खारट?" काकूंनी चुलीजवळूनच विचारले. "अवं, चिमूटभर तर टाकलं! पोरी, तू खाऊन पाह्य."

मी खाल्ली. खिचडी अगदी बरोबर झाली होती. उलट थोडी कमीच. मी तसे सांगितले तेव्हा आईने आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिले आणि ती हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. बाबा गेल्यापासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. काकांनी दुसरीकडे पाहिले. काकूंनी न विचारता तिच्या पानावर आणखी एक वाढणी टाकली. आईने नको म्हटले नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, या पावसाळ्यात आई गेली. भेटायला येणारे तिच्या नेमधर्माबद्दल बोलतात आणि मी ऐकून घेते. मला दिसते ते एवढेच, की ती भराभर जेवते आहे, मध्येच मान वळवून त्या शेताकडे पाहते आहे, आणि मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवते आहे. शेतावर ऊन अजून होते.