राजारामकाका आणि माशांवरचा दिवा

इरावतीकाकू चार दिवसांसाठी नाशिकला गेल्या आणि जाताना मला एकच काम सांगून गेल्या : माशांना सकाळी चिमूटभर खाणं घाल. तेवढ्या चिमटीत मी दिवा पाण्यात पाडला.

माशांच्या टाकीच्या काठावर एक लांबट एलईडी दिवा दोन पायांवर उभा असायचा. खाणं टाकायला म्हणून मी तो जरा सरकवला, ते जरा जास्त झालं. घरातली वीज फटकन गेली. मी आधी प्लग काढला, मग दिवा काढला, मग मासे मोजले. अकराच्या अकरा जागेवर होते. त्यातला सर्वांत मोठा एंजल मासा, ज्याला काकू मुख्याध्यापक म्हणतात, काचेला नाक लावून माझ्याकडे असा बघत होता की मला गावाकडे जतच्या शाळेत परत बाकावर उभा केल्यासारखं वाटलं.

काकूंच्या मुलुंडच्या घरात मी एका खोलीचा भाडेकरू. काकू शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होत्या, त्यामुळे फुटलेल्या काचेपासून खोट्या सबबीपर्यंत सगळं त्यांना लांबून ओळखू येतं. परत आल्या, मेलेला दिवा बघितला आणि म्हणाल्या, "पोहायला शिकवत होतास का रे याला?"

नवा दिवा मी आणला. पण काकूंनी तो काठावर ठेवू दिला नाही.

"आता छताला टांगायचा. तुझा हात लागणार नाही असा."

"काकू, माझा हात छताला पण लागतो."

"म्हणून तर माणूस बोलावतेय. तुला कुठे सांगितलं?"

तो माणूस म्हणजे भांडुपचे राजाराम घाडी. वय चौसष्ट, मूळ गाव कुडाळकडचं. वडील गिरणीत होते. हेही मिसरूड फुटताच तिथेच चिकटले आणि दोन वर्षांत गिरणीच बंद पडली. मग पंखे बसवायला शिकले. पंख्यावरून झोपाळे, झोपाळ्यावरून झुंबरं. गेली चाळीस वर्षं या माणसाचा एकच धंदा : छताला जे लटकवायचं ते लटकवून देणं. पाळण्यांचे हूक, व्यायामशाळेतल्या ठोसे मारायच्या पिशव्या, एका हॉटेलात उलटी सायकल, एका डॉक्टरीणबाईंकडे सांगाडा.

"सांगाडा जड असतो?" मी विचारलं.

"हलको. पण हसता मेलो सारखो," काका म्हणाले. बोलता बोलता त्यांचं मुंबईचं मराठी मध्येच मालवणीत उतरतं आणि परत वर येतं.

त्यांची गॅरंटीची पद्धत साधी होती. हूक बसवला की आधी स्वतः त्याला लटकायचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, दोन्ही हातांनी, दहा मोजेपर्यंत. मागच्या वर्षी घाटकोपरला एका झोपाळ्याच्या हुकाला असेच लटकले. हूक टिकला, उजवा खांदा गेला. सहा महिने हात कानाच्या वर जाईना.

हे सगळं त्यांनी मला शिडी उघडता उघडता सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की आजचं काम साधं नाही.

"माझो पुतण्यो बाळा, त्याने एका सोसायटीत गेटवर बसायची नोकरी बघून ठेवलीय. खुर्चीत बसायचं, येणाऱ्याचं नाव लिहायचं. घरात ठरलंय : आज इथे चार भोकं उजव्या हाताने मारली तर ड्रिल मशीन माझं. नाहीतर मशीन बाळाला आणि मी गेटवर."

"मग डाव्या हाताने मारा ना. कोण बघतंय?"

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू शिकलेलो दिसतंस," ते म्हणाले.

मला वाटलं आता मशीन घर्रर्र करणार. कसलं काय! काका टाकीसमोर पाट घेऊन बसले आणि पंधरा मिनिटं नुसते पाण्याकडे बघत राहिले. मग काकूंना विचारलं, हात घालून झाडं छाटता का? बादलीने पाणी काढता का? मासा उडी मारतो का? काकूंना इतके नेमके प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारले नसावेत. त्या खुलल्या आणि मुख्याध्यापकांचं अख्खं चरित्र सांगून बसल्या.

"पाण्यापासून एक वीत वर घेऊ," काकांनी ठरवलं. "हात आत जातलो, उडी मारली तर मासो आपटूचो नाय."

मी स्पिरिट लेव्हल पुढे केली. ती त्यांनी परत माझ्या हातात दिली. "भिंत वाकडी, छत वाकडं, टाकीचं टेबल पण वाकडं असेल. पण पाणी कधी वाकडं बघितलंस? दिवा टांगला की पाण्यातली त्याची पडछाया बघायची. दोन्ही टोकांना दिवा आणि पडछाया यांच्यात सारखं अंतर असलं की झालं."

मी शाळेत परावर्तनाचे नियम पाठ केले होते. त्यांचा एवढा उपयोग असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी टाकीवर प्लास्टिक आणि वर चादर घातली. छताला पेचकसाच्या मुठीने ठोकत ठोकत पोकळ जागा टाळल्या, पेन्सिलीने चार खुणा केल्या. मग पिशवीतून नारळाची अर्धी करवंटी काढली, तिच्या तळाला पाडलेल्या भोकातून ड्रिलचं टोक वर काढलं. छताची धूळ माशांवर न पडता करवंटीत पडणार. मी ते बघून इतका हरखलो की शिडी धरायची विसरलो.

"शिडी!" काकू ओरडल्या.

पहिलं भोक छान पडलं. दुसरं पडलं, पण त्यानंतर काकांनी उजवा खांदा दाबून धरला. तिसऱ्याला ते मध्येच थांबले, डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि परत दाबलं. करवंटीत भुरभुर पांढरी धूळ. झालं. मशीन खाली आलं ते हातातून जवळजवळ सुटूनच. ते मी झेललं.

चौथ्या खुणेकडे हात गेला, कानापर्यंत गेला, आणि तिथेच अडकला. दोनदा. तिसऱ्यांदा काका शिडीच्या पायरीवर टेकले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, मी मारतो एक. तुम्ही नुसतं सांगा."

"नको."

"अहो, कुणाला कळणार नाही."

"तुका कळात, माका कळात, आणि ह्या बाईंका पण," त्यांनी काकूंकडे हनुवटी केली. काकूंनी मान डोलावली. या बाबतीत त्या निर्दय आहेत.

काका खाली उतरले. पाटावर बसून पाणी प्यायले. मग छताकडे बोट करून खुणा मोजल्या. मला एकीकडे गेटवरची ती खुर्ची दिसायला लागली होती.

"गावी गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात," ते एकदम म्हणाले. "लाकडी चौकट. तिला रानातली फळं, पानं, सुपारीचे घोस बांधायचे. मी पोर असल्यापासून बांधतो. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या. आणि दरवर्षी चारातली एक दोरी कामचुकार. तीन जणी भार घेतात, चौथी ढिली. कितीही ओढ, मग दुसरी ढिली."

"मग?"

"मग चौथी हवी कशाला?"

त्यांनी दिव्याच्या डाव्या टोकाला दोन बारीक तारा लावल्या, त्या दोन भोकांतल्या हुकांना. उजव्या टोकाला एकच तार, ती खाली येऊन दोन फाट्यांत विभागून दिव्याच्या दोन कडांना. तीन हूक. प्रत्येक हुकाला डाव्या हाताने पाण्याची भरलेली बादली टांगून दहा मोजले. लटकायचं या वेळी टाळलं, हे मी मुद्दाम नमूद करतो. विजेच्या वायरीला प्लगच्या खाली एक पोट ठेवलं, म्हणजे पाणी वायरीवरून घरंगळलं तर पोटाशी टपकेल, प्लगात जाणार नाही.

चादर काढली. दिवा लावला. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून पाण्याच्या पातळीला डोळे लावले. वर दिवा, खाली दिवा, मध्ये मुख्याध्यापक. उजवी बाजू केसभर खाली होती. काकांनी त्या एकाच तारेची, तार आखूड करायची मळसूत्री चिमटी फिरवली, दोन्ही दिवे समांतर झाले. चौथी तार असती तर आम्ही संध्याकाळपर्यंत फिरवत बसलो असतो.

"झकास," मी म्हणालो.

काकूंनी चौथ्या पेन्सिलखुणेकडे बोट दाखवलं. "ती पुसायची का?"

"रवांदे, असू दे तशीच," काका म्हणाले, आणि मशीन पिशवीत भरून स्वतःच्याच डाव्या खांद्याला अडकवून गेले.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. कुंदाकाकी, राजारामकाकांच्या पत्नी. आवाज शांत आणि शिस्तीचा.

"ह्यांनी सांगितलं काम झालं. किती भोकांत झालं ते सांगत नाहीत, नुसते हसतात. तुम्ही तिथे होता ना? चार भोकं ह्यांनी स्वतः मारली का?"

मी टाकीकडे बघितलं. दिवा तीन तारांवर निवांत होता. चार म्हणालो असतो तर खोटं, नुसतं तीन म्हणालो असतो तर काका हरले असं वाटलं असतं, ते त्याहून खोटं.

"काकी, मी जरा बाहेर आहे. नीट आठवून रात्री फोन करतो."

"करा हां, वाट बघते."

त्याला आज नऊ दिवस झाले.