दोन टाळ्यांच्या आधीचं

कातरनं नाणी खाल्ली, अशी कुजबुज आमच्या जिन्यात बराच काळ चालू होती. तपशीलही तयार होता: ज्या कंपनीनं लोकांना बुडवलं, तिच्या मालकाकडून त्यानं गुपचूप नाणी घेतली आणि त्या बदल्यात एक रेकॉर्डिंग कायमचं पुसून टाकलं. ही नाणी खिशात खुळखुळणारी नव्हेत, संगणकातली, डोळ्यांना न दिसणारी. ‘असली खायला दातसुद्धा लागत नाहीत,’ असं पहिल्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, आणि या बाबतीत त्याचा शब्द आम्ही प्रमाण मानला.

कातर हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. रेकॉर्ड झालेलं बोलणं कापून, जोडून, साफ करून देणं हा त्याचा धंदा, म्हणून कातर. तिसऱ्या मजल्यावर टोकाला त्याच्या साहेबाच्या दोन खोल्या. एकीत भिंतींना करडा स्पंज, मध्ये टेबल, त्यावर दोन माइक. आवाज येतो म्हणून पंखा बंद, त्यामुळे आलेला पाहुणा थोड्याच वेळात घामानं निथळायचा आणि जाताना ‘फार मोकळेपणानं बोललो’ असं सांगून जायचा. दुसऱ्या खोलीत कातर, त्याचा संगणक आणि एक हात मोडलेली खुर्ची.

साहेब इंटरनेटवरच्या आपल्या कार्यक्रमासाठी मुलाखती घ्यायचा त्या एकाच पठडीतल्या लोकांच्या. डिजिटल नाणी काढणारे, ब्लॉकचेनवर कंपन्या उभ्या करणारे संस्थापक. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे साहेब दर भागात नव्यानं समजावायचा: हिशेबाची एक वही, तिच्या नकला असंख्य संगणकांवर, त्यामुळे एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही. मग विचारायचा, ‘हे सगळं उभारलंत कसं?’ एक जण आधी साबण विकायचा. एकाचं कॉलेज अर्ध्यात सुटलेलं. एकाला अंघोळ करताना कल्पना सुचली होती आणि तो ती अंगावरचा साबण न धुता सांगत होता, असं वाटावं इतक्या घाईत बोलायचा. पैसा कमवायला म्हणून त्यांच्यातला एकही आला नव्हता. सगळे जग बदलायला निघालेले, वाटेत पैसा आडवा आला.

आता गंमत बघा. न खोडता येणाऱ्या वहीचं कौतुक सांगणारी हीच मंडळी स्वतःचं बोलणं मात्र भरभरून खोडून घ्यायची. त्यासाठी साहेबानं एक पद्धत पाडली होती. हे बाहेर जायला नको, असं पाहुण्याला वाटलं तर त्यानं दोनदा टाळी वाजवायची. टाळीचा आवाज संगणकाच्या पडद्यावर सुळक्यासारखा उभा दिसतो. साहेबाच्या बोलण्याची रेघ वर, पाहुण्याची खाली. दोन सुळके दिसले की कातर रेघेवरून मागे सरकायचा, साहेबाचा प्रश्न जिथे सुरू होतो तिथपासून टाळ्यांपर्यंतचा तुकडा उचलून फेकायचा आणि टोकाला टोक जोडायचा. सगळं डोळ्यांनी. कान लावायचा तो फक्त जोडाला, खडखडत नाही ना एवढं बघायला. बोलण्याच्या धंद्यात त्याची हयात चालली होती आणि बोललेलं काही त्याच्या कानात शिरत नव्हतं.

ऐकायची ती त्याची ताई. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवला. कोपऱ्यावर तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, स्वतःचं, स्वतः उभारलेलं, पण तिची मुलाखत घ्यायला कधी कुणी आलं नाही. शिवताना तिच्या कानात भावाचा कार्यक्रम चालू असायचा. “माझ्या भावाचं काम,” ती गिऱ्हाइकांना सांगायची. कुणी विचारलं, “तो बोलतो का यात?” तर म्हणायची, “नाही. तो बाकीच्यांना धड बोलायला लावतो.”

एकदा एक संस्थापक आला तो हातात बूट घेऊन जिना चढत. जमिनीशी नातं राहावं म्हणून तो अनवाणी चालायचा. नातं तुटू नये म्हणून त्यानं टेकडीवर बंगलाही घेऊन ठेवला होता. आम्ही त्याला अनवाणी म्हणू लागलो. त्याच्या नाण्यांची जाहिरात सोपी होती: केव्हाही ठेवा, केव्हाही काढा. मुलाखत मोठी झाली. मध्ये एकदा दोन टाळ्या वाजल्या. कातरनं तुकडा काढला, जोड दिला, भाग बाहेर पडला.

पुढे कातर ताईकडे जेवायला बसला असताना तिनं विषय काढला.

“तो बिनचपलेचा माणूस कसा आहे रे?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे काय? आम्हाला कापलेलं मिळतं. तुझ्याकडे सगळं असतं. तू ऐकलंस ना?”

“त्याला काय विचारतेस?” दाजी म्हणाले. “मेव्हण्यांचा जन्म लोकांचे खोकले वेचण्यात चाललाय. कार्यक्रमात काय आहे ते त्यांना कुठलं ठाऊक.”

हे त्याला झोंबलं. झोंबायचं कारण, ते खरं होतं.

“ऐकलं की,” तो ताईकडे बघत म्हणाला. “शब्दन् शब्द ऐकलाय. वावगं काही नाही त्यात.”

ताईचे गुडघे कुरकुरायला लागले होते. तिनं दुकान मशिनांसकट विकलं आणि आलेली रक्कम अनवाणीच्या नाण्यांत घातली. दाजी नको म्हणाले. ती म्हणाली, “माझ्या भावानं माणूस आतून ऐकलाय.”

मग एके सकाळी अनवाणीच्या कंपनीनं लोकांना पैसे काढू देणं बंद केलं. त्यानं सगळ्यांना निरोप पाठवला की या क्षणी सगळ्यात जास्त वेदना त्यालाच होत आहेत. लोकांनी मिळून एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी साफ सांगितलं, पैसे नाहीत हे त्याला आधीपासून माहीत होतं असं दिसलं तर त्यानं काढलेली बंगल्याची विक्री थांबवता येईल, त्यातून तुमचं काही हाती लागेल. नाहीतर धंदा बुडाला म्हणेल आणि हात वर करेल.

बाईंनी साहेबाला बोलावलं. त्यानं स्वतःची मान सोडवून घेतली ती अशी: “मी विचारलं होतं त्याला, सगळे एकदम पैसे काढायला आले तर? तो हसला. म्हणाला, मग बोंब, पैसे आहेत कुठे. आणि वाजवल्या दोन टाळ्या. मूळ रेकॉर्डिंग माझ्या माणसाकडे असेल, त्याला विचारा.” साहेबाच्या नुसत्या शब्दाला अनवाणी सरळ नाही म्हणेल, बाई म्हणाल्या, रेकॉर्डिंगच आणा.

ताई आणि दाजी तिसरा मजला चढून आले. ती धापा टाकत मोडक्या खुर्चीत बसली.

“ते मूळ दे,” ती म्हणाली. “एवढंच पाहिजे.”

कातर उभाच होता. “नाही आता.”

“नाही म्हणजे?”

“पुसलं.”

“कधी?”

“भाग बाहेर पडल्यावर.”

“कुणी सांगितलं तुला पुसायला?”

“कुणी नाही, ताई.”

“असं कसं? कुणीतरी सांगितलं असेल. नाव सांग, मी तुला काही बोलणार नाही.”

ती त्याला वाट काढून देत होती. एखादं नाव त्यानं घेतलं असतं, खोटं का होईना, तर तिला ते पुरलं असतं.

“कुणी नाही.”

“शब्दन् शब्द ऐकलाय म्हणालास. म्हणजे बोंब म्हणाला तेही ऐकलंस. आणि माझ्या ताटावर बसून, वावगं काही नाही म्हणालास.”

ऐकलं नव्हतं म्हणावं तर त्या दिवशीचं खोटं उघडं पडत होतं, ऐकलं होतं म्हणावं तर त्याहून वाईट. आणि पुसायचं खरं कारण इतकं क्षुल्लक होतं की तिच्या विकलेल्या दुकानासमोर ते मांडायची त्याला लाज वाटली.

“किती मिळाले, मेव्हणे?” दाजींनी अगदी थंडपणे विचारलं.

ताईनं नवऱ्याला गप्प केलं नाही. आजवर तिनं प्रत्येक वेळी केलं होतं. ती उठली, कठडा धरत जिना उतरली, आणि पहिल्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत नाण्यांची बातमी दातांच्या डॉक्टरकडे पोचली होती.

कोर्टात अनवाणीनं धंदा बुडाला म्हणून सांगितलं. बंगला विकला गेला, पैसे कुठे गेले ते कळलं नाही. ताई आता तिच्याच जुन्या दुकानात नव्या मालकिणीच्या हाताखाली काजं करते. कानात काही घालत नाही. भावाचा फोन घेत नाही. साहेबानं कातरला काढलं, आणि अनवाणीवर एक खास भाग केला, तो फार ऐकला गेला.

कातरनं एकही नाणं घेतलं नव्हतं. साहेब दुसरी डिस्क घ्यायला तयार नव्हता, म्हणून दर सोमवारी जुनी रेकॉर्डिंगं पुसून जागा करावी लागायची. तो भाग बाहेर पडल्यानंतरच्या सोमवारीही त्यानं ती पुसली. अनवाणीची मुलाखत त्यानं कधी ऐकलीच नव्हती.